हेरपटांतली समलिंगी माणसं: कुठला सिनेमा निवडाल?

जुन्या ब्रिटिश हेरपटांत गे किंवा लेस्बियन पात्रं नाहीत, अशी तक्रार कुणी केली तर ती खरी नाही. ती आहेत, आणि ठळक आहेत. अडचण निवडीची आहे. फिल्म क्लबला एक संध्याकाळ द्यायची असेल, महाविद्यालयात एक सत्र घ्यायचं असेल किंवा घरी बसून शनिवार-रविवार काढायचा असेल, तर कुठला सिनेमा लावायचा? बाँडपट लावला तर अर्धे लोक चिडतात, अर्धे हसतात. हेरकथाकार जॉन ल कारेच्या कथांवरचं काही लावलं तर निम्म्या लोकांना कळतच नाही की त्यात असं काही होतं.

निवडताना आम्ही एकच कसोटी लावतो. पात्र चांगलं आहे की वाईट, हा प्रश्न बाजूला ठेवायचा. त्या माणसाचं गुपित कुणाच्या हातात आहे आणि पटकथा त्या गुपिताचं काय करते, एवढंच पाहायचं. हेराचा धंदाच गुपिताचा. त्या काळातल्या समलिंगी माणसाचं जगणंही गुपिताचंच. ही दोन गुपितं ज्या सिनेमाने एकमेकांशेजारी ठेवली तो पुन्हा पाहण्यासारखा आहे. ज्याने दुसऱ्या गुपिताचा खलनायकाच्या कपाळावर नुसता शिक्का मारला, तो नमुना म्हणून दाखवावा, पण आख्खी संध्याकाळ त्याला देऊ नये.

आधी चार तारखा

प्रेक्षकांना या तारखा सुरुवातीला पाच मिनिटांत सांगा, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहतं. पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणं थांबवा, अशी शिफारस वुल्फेंडन समितीने 1957 साली केली. कायदा बदलायला 1967 उजाडलं, तेही फक्त इंग्लंड आणि वेल्समध्ये, एकवीस वर्षांवरच्या दोघांसाठी, बंद दाराआड, आणि सैन्यदलं वगळून. गुप्तहेर खात्यातली आणि परराष्ट्र सेवेतली बंदी मात्र 1991 पर्यंत टिकली. तिच्याबद्दल एमआय-6च्या, म्हणजे ब्रिटनच्या परदेशी हेरखात्याच्या, प्रमुखांनी जाहीर माफी मागितली ती 2021 मध्ये.

बंदीमागचा युक्तिवाद असा, की अशा माणसाला ब्लॅकमेल करता येतं. त्यासाठी पुरावा म्हणून जॉन व्हासलचं नाव पुढे केलं जायचं. मॉस्कोच्या ब्रिटिश वकिलातीत काम करणाऱ्या या कारकुनाचे 1954 साली एका पार्टीत पुरुषांबरोबर फोटो काढले गेले आणि त्यांच्या जोरावर सोव्हिएत हेरखात्याने त्याच्याकडून नौदलाची कागदपत्रं मिळवली. ऑक्टोबर 1962 मध्ये त्याला अठरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात लंडनमध्ये पहिला बाँडपट, ‘डॉ. नो’, झळकला. व्हासलला ब्लॅकमेल करता आलं ते कायद्यामुळेच, हे तेव्हा फार थोड्यांनी मोठ्याने म्हटलं.

मराठी प्रेक्षकाला हे समजावायला फार वेळ लागत नाही. आपल्याकडचं कलम 377 ब्रिटिशांनीच 1860 च्या दंडसंहितेत घातलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून 2018 साली बाहेर काढलं. फोटो दाखवून धमकावणं म्हणजे काय, हे माहीत असलेली माणसं तुमच्याच सभागृहात बसलेली असतील.

आणखी एक बारकावा, जो चर्चेत हमखास निसटतो. इंग्लंडमध्ये स्त्रियांमधले संबंध कधी फौजदारी गुन्हाच नव्हते. त्यामुळे हेरपटांत ब्लॅकमेलचं कथानक गे पुरुषांच्या वाट्याला येतं, लेस्बियन पात्राच्या वाट्याला येत नाही. तिच्यासाठी पटकथाकारांनी दोनच साचे काढले: एक हुकूमशहा बाई, दुसरी ‘अजून खरा पुरुष न भेटलेली’ बाई. दोन्ही साचे लागोपाठच्या दोन बाँडपटांत सापडतात.

रोझा क्लेब आणि पुसी गलोर

‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (1963, दिग्दर्शक टेरेन्स यंग) आणि ‘गोल्डफिंगर’ (1964, दिग्दर्शक गाय हॅमिल्टन) यांतून एकच घ्यायचा असेल तर निवड तुमच्या हेतूवर ठरेल.

पहिल्यातली सोव्हिएत खलनायिका रोझा क्लेब म्हणजे लोटे लेन्या, संगीतकार कुर्ट व्हाइलची पत्नी आणि बर्लिनच्या रंगभूमीवरची मोठी गायिका. पाहण्यासारखा प्रसंग एकच आहे. इस्तंबूलमध्ये ती तात्याना या तरुण सोव्हिएत कारकून मुलीला कामगिरी सोपवते तो. जाड भिंगाचा चष्मा, गणवेश, हातात छोटी छडी. ती मुलीभोवती फिरते, तिच्या प्रियकरांची चौकशी करते, तिच्या अंगाला हात लावते, आणि मुलगी आक्रसते. काही मिनिटांचाच हा प्रसंग आहे, पण त्यात साच्याचा प्रत्येक भाग दिसतो: वय, कुरूपता, अधिकार आणि स्पर्श. शेवटी व्हेनिसच्या हॉटेलात क्लेब बुटातलं विषारी पातं घेऊन बाँडवर धावते, तेव्हा पिस्तूल तात्यानाच्या हातात असतं. तिने कुणाला गोळी घालायची, यावर सिनेमा संपतो. बाई बाईच्या तावडीतून सुटून पुरुषाकडे येते, हाच या रचनेचा शेवट.

तरीही लेन्याचं काम पुन्हा पाहावं असं आहे. सगळे पुरुष अधिकारी गुळगुळीत आहेत. घाम फुटतो, भीती वाटते ती फक्त क्लेबला. आपल्या मालकासमोर उभं राहतानाचा तिचा चेहरा बघा. साच्यात अडकवलेल्या पात्रात नटीने माणूस घुसवलाय.

‘गोल्डफिंगर’ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. बाँडचा निर्माता लेखक इयान फ्लेमिंगच्या 1959 च्या कादंबरीत पुसी गलोर उघडपणे लेस्बियन आहे, बायकांच्या टोळीची म्होरकी. टिली ही दुसरी तरुणीही तशीच, आणि बाँड या सगळ्याचं खापर स्त्रियांच्या मताधिकारावर आणि समानतेवर फोडतो. ते पान आज मोठ्याने वाचून दाखवलं तर सभागृहात शांतता पसरते. सिनेमाने यातलं बरंच गाळलं. पडद्यावरची टिली स्वित्झर्लंडच्या जंगलात आधीच मरते, पुसीला ती भेटतही नाही. पुसी गलोर (ऑनर ब्लॅकमन, त्याआधी ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ मालिकेतली जुदो जाणणारी कॅथी गेल) महिला वैमानिकांचं पथक चालवते, आणि बाँडला पहिल्याच भेटीत सांगते की तुझ्या मोहिनीचा माझ्यावर परिणाम होत नाही. बस, एवढाच इशारा. कादंबरी न वाचलेल्या माणसाला ती नुसती करारी बाई वाटते.

मग गवताच्या कोठारातला प्रसंग येतो. जुदोची झटापट, ती त्याला ढकलते, तोंड फिरवते, तो सोडत नाही, आणि शेवटी तिचे हात त्याच्या गळ्यात. हा प्रसंग ‘जुन्या काळची छेडछाड’ म्हणून वगळता येईल असं काहींना वाटतं. वगळता येत नाही, कारण कथेचा खिळा तिथेच ठोकलेला आहे. त्यानंतरच पुसी बाजू बदलते, सीआयएला खबर देते, विषारी वायूच्या टाक्या बदलते आणि अमेरिकेचा सोन्याचा साठा असलेलं फोर्ट नॉक्स वाचतं. म्हणजे लेस्बियन बाईला ‘वळवलं’ म्हणून जगाचं सोनं सुरक्षित राहिलं! हा सिनेमा लावायचाच असेल तर कोठारातल्या जबरदस्तीची कल्पना प्रेक्षकांना आधी द्या.

थोडक्यात, साचा दाखवायचा असेल तर क्लेबचा तुकडा पुरतो. साचा कथेत कसा शिवला जातो हे दाखवायचं असेल तर ‘गोल्डफिंगर’ पूर्ण लावावा लागतो, तुकड्यात त्याचं काम होत नाही.

मग लेस्बियन जोडप्याचं प्रेम कुठे आहे?

ते चित्रपटगृहात नव्हतं, दूरदर्शन संचावर होतं. बीबीसीची ‘स्मायलीज पीपल’ (1982, सहा भाग, दिग्दर्शक सायमन लँग्टन) ही मालिका लोक अ‍ॅलेक गिनेससाठी पाहतात. त्यात ल कारेचा म्हातारा हेर जॉर्ज स्मायली (गिनेस) हेरखात्यातल्या कॉनी सॅक्स या निवृत्त संशोधिकेकडे जातो. कॉनी आजारी आहे, दारू सुटलेली नाही, स्मरणशक्ती मात्र वस्तऱ्यासारखी. तिच्याबरोबर हिलरी राहते. तीही एकेकाळी त्याच खात्यात होती. स्मायलीला कॉनीच्या डोक्यातली जुनी माहिती हवी आहे. हिलरीला तो लवकर निघून जायला हवा आहे, कारण जुन्या गोष्टी उकरल्या की रात्र कुणाला काढावी लागते हे तिला ठाऊक आहे.

कॉनीचं काम बेरिल रीडने केलंय आणि त्यासाठी तिला बाफ्टा मिळाला. साठच्या दशकात रंगमंचावर आणि पडद्यावर तिने गाजवलेली भूमिकाही लेस्बियन बाईचीच होती, त्यामुळे तेव्हाच्या ब्रिटिश प्रेक्षकाला वेगळं काही सांगावं लागत नव्हतं. इथे गुपित उघड करणारा कुणी नाही, कुणाला वळवायचं नाही, कुणाला मारायचं नाही. दोन बायका एकमेकींचं म्हातारपण निभावतायत, एवढंच. क्लेबच्या तुकड्याला लागून हा प्रसंग दाखवा. मध्ये कुणी बोलू नका.

विंट-किड की हेडन-प्रिडो?

पुरुषांकडे येऊ. ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ (1971, पुन्हा गाय हॅमिल्टन) मधले मिस्टर विंट आणि मिस्टर किड हे भाडोत्री मारेकरी. ब्रूस ग्लोव्हर आणि पटर स्मिथ. यातला स्मिथ मुळात जॅझ बासवादक, नट नव्हेच. हेलिकॉप्टर उडवून दिल्यावर दोघं हातात हात घालून वाळवंटातून चालत जातात. मोठ्या व्यावसायिक सिनेमात, कायदा बदलून चारच वर्षं झालेली असताना, ही चौकट थेट पडद्यावर आली. आख्ख्या सिनेमात एकमेकांशी एकनिष्ठ असलेली ही एकमेव जोडी आहे, हेही विसरू नका. बाकी सगळे दर दहा मिनिटांनी बाजू बदलतात.

पण त्यांना ओळखलं कसं जातं ते पाहा. जहाजावर ते वेटर बनून येतात. बाँडला संशय येतो तो विंटच्या अत्तराच्या वासावरून. मग मूतों रोथशील्ड ही वाइन क्लॅरेट, म्हणजे बोर्दोची लाल वाइन, असते हे विंटला माहीत नसतं, तिथे खात्री पटते. वास समलिंगीपणाचा, वाइनचं अज्ञान खालच्या वर्गाचं. दोन्ही शिक्के एकाच टेबलावर. त्यानंतर किड पेटतो आणि विंटला बॉम्बसकट समुद्रात फेकलं जातं, तेही त्याच्या कोटाच्या शेपटीवर एक अश्लील विनोद करून. सभागृहात नेमकं इथेच हसू येतं. चर्चा घेणाराने इथेच थांबून विचारावं: हसलो ते कशाला? मरणाला, की कोटाला?

दुसऱ्या बाजूला ल कारेच्या कादंबरीवरचं ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’. याच्या दोन आवृत्त्या, आणि खरी तुलना इथे करण्यासारखी आहे. 1979 ची बीबीसी मालिका सात भागांची, त्यात इयान रिचर्डसन बिल हेडन आणि इयान बॅनन जिम प्रिडो. 2011 चा सिनेमा 127 मिनिटांचा, दिग्दर्शक टॉमस आल्फ्रेडसन, कॉलिन फर्थ आणि मार्क स्ट्राँग.

बिल हा ब्रिटिश हेरखात्यातला फितूर, जिम त्याच खात्यातला त्याचा जिवलग. दोन्हींत जिमचा विश्वासघात बिलने केलेला असतो आणि दोन्हींत जिम त्याला मारतो. मालिकेत हाताने मान मोडून, सिनेमात लांबून बंदुकीने. फरक महत्त्वाचा आहे. मालिकेत त्यांच्यातलं नातं शाळा-कॉलेजच्या दोस्तीच्या पांघरुणाखाली राहतं, पण मारण्यासाठी जिमला अगदी जवळ यावं लागतं. सिनेमा नातं जास्त उघड करतो. ऑफिसच्या नाताळ पार्टीत दोघांची नजरानजर होते, संवाद शून्य. शेवटी गोळी डोळ्याखाली लागते, रक्ताचा ओघळ अश्रूसारखा, आणि इकडे जिम रडतोय. एवढं सगळं दाखवल्यावर अंतर मात्र वाढवलंय. जवळीक दाखवण्यात सिनेमा पुढे, पण शेवटात मालिकाच जास्त टोचते.

सिनेमाने आणखी एक बदल केला, तो आमच्या मते या सगळ्या यादीतला सर्वांत विचारी. कादंबरीतला पीटर गिलम, स्मायलीचा मदतनीस, बायकांमागे फिरणारा. सिनेमात (बेनेडिक्ट कंबरबॅच) तो पुरुषाबरोबर राहतो. स्मायली त्याला सांगतो की तुझ्यावर आता पाळत असेल, घरात काही आवरायचं असेल तर आवरून घे. पुढच्या दृश्यात जोडीदार सामान घेऊन निघून जातो आणि गिलम एकटा बसून रडतो. गोष्ट 1973 ची आहे. कायद्याने तो गुन्हेगार राहिलेला नाही. भीती आहे ती नोकरीतल्या चौकशीची. म्हणून वर 1991 सांगून ठेवलं. शिवाय या बदलामुळे ‘समलिंगी म्हणजे फितूर’ हे समीकरण मोडतं, कारण इथे किंमत मोजणारा माणूस सचोटीचा आहे. उणीव एकच: त्या जोडीदाराला जेमतेम एखाददुसरं वाक्य मिळतं. तो कोण, हे आपल्याला कळतच नाही.

‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (1965) लावायचा मोह होतो, कारण सिनेमा थोर आहे. पण या विषयासाठी त्यात मायकेल हॉर्डर्नने केलेला अ‍ॅश तेवढा आहे, दलाली करणारा, लाळघोटा, रिचर्ड बर्टनच्या तुच्छतेचा धनी. सिनेमा इतर कारणांसाठी ठेवा.

गाय बर्जेसचे दोन अवतार

केंब्रिज विद्यापीठात शिकून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणाऱ्या इंग्रजांच्या टोळीपैकी गाय बर्जेस गे होता, 1951 साली मॉस्कोला पळाला आणि 1963 मध्ये तिथेच वारला. त्याच्यावरून दोन कलाकृती एका वर्षाच्या आत आल्या.

‘अनदर कंट्री’ (1984, दिग्दर्शक मारेक कानिएव्स्का) बर्जेसवर सैलसर बेतलेल्या गाय बेनेटची शाळा दाखवतो. रूपर्ट एव्हरेट बेनेट, कॉलिन फर्थ त्याचा मार्क्सवादी मित्र जड. एका मुलाला दुसऱ्याबरोबर पकडल्यावर तो आत्महत्या करतो आणि शाळेची पहिली काळजी असते ती बोभाटा होऊ नये ही. बेनेटची चिठ्ठी पकडली जाते, तो छडीचा मार खातो, मानाचं पद जातं. दीड तासाचा, देखणा, तरुण प्रेक्षकांना पकडून ठेवणारा सिनेमा. दोष असा की तो फितुरीचं कारण फार सोपं करतो: शाळेने दुखावलं म्हणून देश विकला. तरुण मुलं हेच घेऊन घरी जातात. त्यांना आठवण करून द्या की त्याच टोळीतले किम फिल्बी आणि जॉन केर्नक्रॉस गे नव्हते आणि त्यांनी काही कमी कागद पोचवले नाहीत.

‘अ‍ॅन इंग्लिशमन अब्रॉड’ (1983) हा बीबीसीचा तासाभराचा चित्रपट. लेखक अ‍ॅलन बेनेट, दिग्दर्शक जॉन श्लेसिंजर, जे स्वतः गे होते. 1958 साली नाटकाच्या दौऱ्यावर मॉस्कोला गेलेली कोरल ब्राउन ही नटी बर्जेसला भेटली होती. इथे ती स्वतःचीच भूमिका करते. अ‍ॅलन बेट्सचा बर्जेस तिच्या मेकअपच्या खोलीत येऊन बेसिनमध्ये ओकतो, साबण पळवतो आणि दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावतो. कशासाठी? अंगाची मापं घेऊन लंडनच्या शिंप्याकडून सूट शिवून आणायला. शिंपी मुकाट शिवून देतो, पण पायजम्याचं दुकान देशद्रोह्याला माल द्यायला नकार देतं आणि कोरल त्या दुकानदाराची अशी हजेरी घेते की बस. (पायजमा हा शब्द त्यांनी आपल्याकडूनच नेला, ही गंमत वेगळी.)

बर्जेस गे असल्याबद्दल इथे कुणी दचकत नाही, कुणी खुलासा मागत नाही. त्याचा रशियन मित्रही तिथेच असतो. सिनेमा त्याला माफही करत नाही. तो एकटा आहे, घाणेरडा आहे, आणि कपड्यांपुरता इंग्रज राहिला आहे. एकच निवडायचा असेल तर हा निवडा.

त्याच लेखक-दिग्दर्शक जोडीने आठ वर्षांनी ‘अ क्वेश्चन ऑफ अ‍ॅट्रिब्यूशन’ (1991) केला, त्याच टोळीतल्या कलातज्ज्ञ अँथनी ब्लंटवर. एका जुन्या चित्राचा क्ष-किरण काढला की रंगाखालून आणखी चेहरे निघत जातात, हे त्यातलं मध्यवर्ती रूपक. सुरेख आहे, पण ब्लंट कोण हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकासमोर पडतो.

लावताना काय चुकतं

मालिका 4:3 चौकटीच्या आहेत. रुंद पडद्यावर ‘फुल’ पर्याय दाबला की चेहरे फताडे होतात, ‘झूम’ दाबला की डोकी कापली जातात. प्रोजेक्टरवर 4:3 निवडा आणि बाजूला काळे पट्टे राहू द्या. ‘टिंकर टेलर’ची अमेरिकी आवृत्ती सहा भागांची आहे, खोक्यावर सात भाग लिहिलेत का ते बघूनच घ्या. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला 25 चौकटींनी चालतात, त्यामुळे दोन तासांचा सिनेमा 115 मिनिटांत संपतो. ती कात्री नव्हे, वेग आहे. त्याहून कमी भरला तर मात्र टीव्हीसाठी कापलेली प्रत हाती आली असं समजा. इंग्रजी सबटायटल्स सुरू ठेवा, कारण ल कारेच्या जगात महत्त्वाचं सगळं पुटपुटत बोलतात. घरची डिस्क आहे म्हणून जाहीर खेळ करता येत नाही. प्रदर्शनाचे हक्क वेगळे घ्यावे लागतात.

एका संध्याकाळचा क्रम असा ठेवता येईल. आधी हिचकॉकचा ‘द लेडी व्हॅनिशेस’ (1938), 96 मिनिटं. यात चार्टर्स आणि कॅल्डिकॉट हे दोन क्रिकेटवेडे सद्गृहस्थ मोलकरणीच्या खोलीत एका पलंगावर, एकाच पायजम्याचे दोन भाग वाटून घेऊन झोपतात: सदरा एकाला, विजार दुसऱ्याला. कुणी काही म्हणत नाही, कुणाला शिक्षा होत नाही. त्यांची सगळी चिंता मँचेस्टरची कसोटी गाठण्याची, आणि पोचतात तर पुरामुळे सामना रद्द. (त्याच वर्षी जुलैत मँचेस्टरची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी खरोखरच एकही चेंडू न पडता वाहून गेली.) वीस मिनिटं चहा. मग ‘अ‍ॅन इंग्लिशमन अब्रॉड’. दुसरा दिवस असेल तर ‘अनदर कंट्री’ सकाळी घ्या. त्याच्या शेवटी मॉस्कोत म्हातारा झालेल्या बेनेटला विचारतात, कशाची उणीव भासते? तो सांगतो, क्रिकेटची. आदल्या दिवशीचे दोन पायजमेवाले ज्यांच्या लक्षात आहेत, ते इथे हसतात आणि मध्येच थांबतात.